पोरीला वानिकीला घालायचं का?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

कुणी चुलीपाशी असेल, कुणी धान पाखडत असेल, कुणी गटाची बैठक आटोपून तिथेच रेडिओ लावून बसल्या असाल. हातातलं काम सोडू नका, काम करता करता ऐका.

गेल्या महिन्यात मी एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बाया उठल्या. एक जण मात्र मागे राहिली. म्हणाली, "ताई, माझी पोरगी बारावी सायन्सला आहे. घरातले म्हणतात नर्सिंगला टाक. ती म्हणते, मले जंगलाचं शिकायचं आहे. आता जंगलाचं काय शिकायचं असते? ते तर आपल्या मागच्या दारीच आहे."

मी तिला उभ्या उभ्या काहीबाही सांगितलं आणि बस पकडली. बसमध्ये बसल्यावर वाटलं, हाच प्रश्न माझ्या मायनेही विचारला होता, आणि तिला उत्तर द्यायला मला काही वर्षं लागली. म्हणून आज हा विषय घेतला.

माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, कोरचीच्या बाजूला. आमच्याकडे धानाचं पीक एकदाच. बाकीचं वर्ष जंगलावर. फाल्गुन-चैत्रात मोहफूल, वैशाखात तेंदूपत्ता, पावसाच्या तोंडावर टोरी, पाऊस लागला की सात्या आणि वास्ते. सरपण तर बारा महिने. माझ्या मायला खाकी कपड्याची फार भीती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आम्ही दोघी मोळ्या घेऊन येत होतो, समोरून सायकलवर खाकी दिसली. मायने डोक्यावरची मोळी नाल्यात टाकली, माझीही टाकली, आणि मला ओढून करवंदीच्या जाळीमागे बसली. सायकलवाला जवळ आला, निघून गेला. तो पोस्टमन होता. आम्ही ती गोष्ट अजून सांगतो आणि हसतो, पण त्या दिवशी माय थरथरत होती हे मला चांगलं आठवतं.

म्हणून अकोल्याच्या कॉलेजात माझं नाव लागलं तेव्हा मायचा पहिला प्रश्न हा होता, "म्हंजे तू आता आमच्या मोळ्या धरशील काय?" मी हसले. ती हसली नाही.

आधी हे शिक्षण आहे काय, ते सांगते. वानिकी म्हणजे जंगल कसं वाढतं, कसं राखायचं, त्यातून किती घ्यायचं आणि किती ठेवायचं, याचं शास्त्र. आपल्या राज्यात त्याची पदवी कृषी विद्यापीठात मिळते. एक कॉलेज कोकणात दापोलीला, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात. दुसरं अकोल्याला, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. बारावी सायन्स लागते, एमएचटी-सीईटी द्यावी लागते, आणि ४ वर्षं शिकावं लागतं. पुढे शिकायचं तर तिथेच एमएस्सी करता येते. डेहराडूनला वन संशोधन संस्था आहे, १९०६ साली सुरू झालेली, तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथेही पुढचं शिक्षण होतं.

पहिलं वर्ष मला फार जड गेलं, लपवत नाही. शिकवणं इंग्रजीत. झाडांची नावं लॅटिनमध्ये. मोहाला मधुका म्हणायचं, सागाला टेक्टोना. आणि नुसती झाडं नाहीत हो. माती, पाणी, किडे, बुरशी, लाकडाचे गुण, वन्यप्राणी, कायदे, आणि सांख्यिकी. त्या सांख्यिकीत मी एकदा नापास झाले. होस्टेलवर उशीत तोंड खुपसून रडले. घरी कळवलं नाही. खानावळीचे पैसे मायच्या तेंदूच्या मजुरीतून यायचे, तिला काय कळवणार?

पण झाड ओळखायच्या परीक्षेत माझी गंमत झाली. बाईंनी वाळक्या फांद्या आणि सालीचे तुकडे टेबलावर मांडले होते. बरोबरच्या मुली पानं शोधत होत्या. मी सालीवर हात फिरवला. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तो ऐन. गुळगुळीत फिकट, तो धावडा. सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात, हे तर लहानपणीच कळलेलं. सगळी ओळखली. फक्त ती लिहिता येत नव्हती. पुढची ४ वर्षं मी मुख्यतः तेच शिकले असं म्हटलं तरी चालेल. ठाऊक असलेलं मोजायचं आणि कागदावर आणायचं.

मोजण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण ते तुम्हालाही जमेल.

तेंदूच्या फळीवर तुम्हाला सहसा कोणी फसवू शकत नाही. का? एका पुडक्यात ७० पानं, १००० पुडक्यांची एक गोणी, हे प्रत्येकीला तोंडपाठ आहे. मोजता येतं म्हणून भांडता येतं. पण कोणी विचारलं, तुमच्या जंगलात साग किती, मोह किती, बांबू किती, तर आपण हात फिरवून म्हणतो, "लय आहे." लय आहे याला कागदावर जागा नाही.

झाडाची गोलाई मोजतात ती जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर. हे सांगितलं तेव्हा मायने विचारलं, "कोणाच्या छातीच्या? तुह्या का माह्या?" बरोबर आहे तिचं. म्हणूनच आकडा ठरवून टाकला आहे. काठीवर एकदा खूण करून ठेवायची, ती सगळ्या झाडांना लावायची. त्या गोलाईला ३.१४ ने भागलं की झाडाची जाडी मिळते.

उंची मोजायला झाडावर चढावं लागत नाही. डोळ्यापासून मुठीपर्यंत आपला हात जेवढा लांब, तेवढीच काठी घ्या. हात सरळ पुढे करा, काठी उभी धरा. आता मागे मागे सरकत जा. काठीचं खालचं टोक झाडाच्या बुंध्याला आणि वरचं टोक शेंड्याला जुळलं की थांबा. तुम्ही उभ्या आहात तिथून झाडापर्यंतचं अंतर मोजा. झाड तेवढंच उंच. जमीन मात्र सपाट हवी. पोरांना हे दाखवा, दिवसभर दुसरं काही करणार नाहीत.

आणि सगळं जंगल मोजत बसायचं नसतं. २० मीटर लांब, २० मीटर रुंद असा चौकोन दोरीने आखायचा. असे २५ चौकोन म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. ठिकठिकाणी काही चौकोन घ्यायचे, त्यातली मोठी झाडं, पोरसवदा झाडं आणि रोपं वेगवेगळी मोजायची, आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज काढायचा. मी ज्या सांख्यिकीत नापास झाले, ती इथे लागते.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आले आणि हौसेने मोहाचे चौकोन आखले. मोठे मोह भरपूर होते. आजेसासऱ्यांच्या काळातले. पोरसवदा जवळजवळ नव्हते. रोप एकही नाही. दुसऱ्या ठिकाणी आखला, तिथेही नाही. घर भरलेलं दिसतं, पण सगळे म्हातारे आणि पाळणा रिकामा, तसं. ज्या मोहाच्या आणि तेंदूच्या पैशावर मी शिकत होते, त्यातला मोह आमच्या डोळ्यांदेखत म्हातारा होत चालला होता आणि कुणाच्या लक्षात नव्हतं.

कारण मला पुस्तकातून माहीत झालं होतं. मोहफूल पहाटे गळतं. वाळक्या पाचोळ्यात ते दिसत नाही, म्हणून आपण आधी झाडाखालचा पाचोळा जाळतो. त्या आगीत मागच्या पावसात उगवलेली रोपं जळतात. जी वाचतात त्यांना गुरं तुडवतात. वरून टोरी आपण तेलासाठी सगळी वेचून नेतो. टोरीचा उगवण्याचा दमही थोडाच असतो. काही आठवडे गेले की ती उगवत नाही. मग नवीन झाड येणार कुठून?

आता हे मायला सांगायचं कसं? जन्मभर पाचोळा जाळून फूल वेचलेल्या बाईला तिची शिकलेली पोरगी सांगणार, तू चुकतेस. मी सांगितलं. वाईट पद्धतीने सांगितलं, कॉलेजच्या भाषेत. माय म्हणाली, "मग वेचू कसं? झाडून घेऊ म्हणशील. सात झाडं आहेत माह्याकडं. पहाटे तीनला उठते, तरी गाई फुलं खाऊन जाते. खराटा मारत बसू का वेचत बसू? तुह्या पुस्तकात ते लिहिलं का?"

नव्हतं लिहिलेलं.

दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, चल, तुला रोपं दाखवते. मला घेऊन गेली नाल्याच्या पलीकडे, जिथे मोहाचं एकही झाड नाही. तिथे जांभळाच्या आणि आंब्याच्या मोठ्या झाडांखाली मोहाची रोपं होती. दाट नाही, पण होती. "वटवाघूळ फळ इथं आणून खाते, टोरी टाकते. इथं कोणी फूल वेचत नाही, मग आग बी लागत नाही." मी माझे चौकोन मोहाखाली आखले होते. तिने विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. नंतर अकोल्याला जाऊन वाचलं, वटवाघळं मोहाचं बी पसरवतात हे शास्त्रज्ञांनीही नोंदवलेलं आहे.

बायांनो, मला वाटतं विद्यापीठाचं शिक्षण आणि मायचं ज्ञान यांत मोठं कोण, हा वादच फुकट आहे. पुस्तकाने मला सांगितलं की रोप का नाही. मायने सांगितलं की कुठे आहे. दोन्ही नसतं तर मी चुकीचा आकडा घेऊन बसले असते, तोही रुबाबात.

मग त्या वर्षी घराजवळच्या तीन झाडांखाली मायने जुन्या साड्या जोडून बांधल्या. फूल साडीवर पडतं, माती लागत नाही, वाळवायलाही बरं. लांबच्या चार झाडांखाली जाळणं चालूच राहिलं, कारण साड्या तेवढ्याच होत्या. मी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी एका झाडाखाली खराटा आला. वेग असा असतो. मोहाचं रोपही लावल्यापासून फुलायला दहाएक वर्षं घेतं, तर माणसाची सवय दोन वर्षांत कशी बदलेल?

कॉलेजात शिकलेली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला. कोणतं जंगल सरकारी, लोकांनी कुठे शिरायचं नाही, ते त्यात ठरलं. आणि त्याच १८७८ साली डेहराडूनला जंगलाच्या नोकरांना शिकवायची शाळा काढली. म्हणजे आपल्याकडे वानिकीचं शिक्षण आणि आपल्या आज्यांना जंगलाबाहेर ठेवणारा कायदा एकाच वर्षीचे. तेव्हा शिकवायचे ते मुख्यतः लाकूड कसं वाढवायचं ते. साग म्हणजे जंगल. मोह, चार, तेंदू, हिरडा, मध, डिंक या सगळ्याला नाव पडलं गौण वनोपज. वर्गात हा शब्द ऐकला तेव्हा मी वहीत लिहिला आणि बाजूला लिहिलं, गौण कोणासाठी? आमच्या घरात लाकूड विकून एक रुपया आला नव्हता. आलं ते सगळं गौणमधून.

२००६ साली वनहक्क कायदा झाला आणि हे चित्र पालटायला सुरुवात झाली. ग्रामसभेला आपल्या वहिवाटीच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळू शकतो, गौण वनोपजाची मालकी मिळते, आणि जंगल राखायचा अधिकारही. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू विकायला लागणारं वाहतूक पासाचं पुस्तक गावाच्या हातात आलं. हे तुम्ही ऐकलेलं आहे. पण हक्क मिळाल्यावर पुढचं काम सुरू होतं. ग्रामसभेने व्यवस्थापनाचा आराखडा करायचा असतो. कुठे काय आहे, किती आहे, दरवर्षी किती काढायचं, कुठे चराई थांबवायची. बांबूचंच बघा. यंदाचा कोवळा कोंब तोडायचा नाही, तीन वर्षं जुना झाला की तोडायचा, पावसाळ्यात बेटाला हात लावायचा नाही, अगदी जमिनीलगत कापायचा नाही. जुन्या माणसांना हे ठाऊक असतं. पण किती बेटं, त्यात तोडणीला आलेले किती, हे लिहून दाखवावं लागतं. नाही तर व्यापारी येतो आणि आकडा तोच सांगतो.

हे लिहिणारी माणसं आपल्या गावांत कमी आहेत. बाया तर फारच कमी. बाहेरून कोणी आराखडा करून दिला तर त्यात साग आणि बांबू येतो. सात्या कुठे उगवतात, सरपणाला किती लांब जावं लागतं, हे येत नाही, कारण ते विचारायला बाईच लागते. माझ्या मते पोरीला वानिकीला घालायचं सगळ्यात मोठं कारण हे.

आता नोकरीचं. इथे मी गोड बोलणार नाही. वानिकी केली की सरकारी नोकरी लागतेच, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. वनपरिक्षेत्र अधिकारी, सहायक वनसंरक्षक या जागा एमपीएससीच्या परीक्षेतून भरतात, आणि त्या परीक्षेला इतर विज्ञान शाखांच्या आणि इंजिनिअरिंगच्या पदवीवाल्यांनाही बसता येतं. जागा थोड्या, मुलं फार. मी दोनदा बसले. दोन्ही वेळा राहिले. त्याचं दुःख झालं, काही महिने लोकांत जायचं टाळलं. त्यावरची भारतीय वनसेवा यूपीएससीतून. वनरक्षक व्हायला पदवी लागत नाही, बारावीवर भरती होते, त्यात बायकांसाठी ३० टक्के आरक्षण आहे आणि ३ किलोमीटर धावावं लागतं. उंचीचीही अट असते, ती आधी बघून घ्या. वनसेवेत बायकांना ४ तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. मायला हे सांगितलं तर म्हणाली, "मोळी घेऊन का बिनमोळीचं?"

सरकारी सोडून रोपवाटिका आहेत, संशोधनाच्या प्रकल्पांत कामं असतात, बँकांत कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षा देता येतात, संस्था आहेत. मी सध्या चार-पाच ग्रामसभांच्या आराखड्यांचं काम करते. पगार ठरलेला नाही, एखादा महिना कोरडा जातो. पण सांख्यिकीत नापास झालेली मी आता गावातल्या दहावी झालेल्या पोरींना चौकोन आखायला शिकवते.

खर्चाचं आणि कागदांचं नीट ऐका, कारण पोरी हुशारीत नाही, कागदात अडकतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून माफ आहे, सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश झाला असेल तर. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेतच. राहणं-खाणं मात्र या माफीत धरू नका, त्याची तजवीज वेगळी करा. आणि जात वैधता प्रमाणपत्र. ते वेळेत मिळालं नाही म्हणून माझ्या ओळखीच्या एका पोरीचं वर्ष गेलं. बारावीचा निकाल लागल्यावर धावू नका. अकरावीतच अर्ज टाका. सीईटीचे अर्ज साधारण थंडीच्या दिवसांत सुटतात. तारखा दरवर्षी बदलतात, शाळेतल्या सरांना किंवा सेतू केंद्रात विचारत राहा.

लग्नाचं कोणीतरी विचारणारच. माझ्या आत्याने विचारलं होतं, "रानात फिरणाऱ्या पोरीला कोण करेल?" आत्या स्वतः सत्तर वर्षं रानात फिरते आहे.

परवा आमच्या गावात आराखड्याची बैठक झाली. नाल्यापलीकडची ती वटवाघळांची जागा ५ वर्षं चराईला बंद ठेवायची, असा विषय मायने मांडला. माझ्या मायने, ग्रामसभेत उभं राहून! ज्यांच्याकडे बकऱ्या आहेत त्या बाया चिडल्या. त्यांचंही खरं आहे, उन्हाळ्यात दुसरीकडे हिरवं कुठे आहे? एक जण मायला म्हणाली, तुह्या पोरीच्या शिक्षणासाठी आमच्या बकऱ्या उपाशी मारू का? दोन बैठका झाल्या, अजून मिटलेलं नाही. बहुतेक अर्धी जागा बंद, अर्धी खुली, असं काहीतरी होईल.

त्याच्या आदल्या दिवशी जागा मोजायला गेलो होतो. बीटावर नवीन आलेली वनरक्षक पोरगी सोबत होती, बावीस-तेवीस वर्षांची, अंगावर खाकी. टेपचं एक टोक तिने धरलं, दुसरं मायने. माय तिला ओरडत होती, "ताण ना गं नीट, ढिला पडतोय."

त्या बैठकीतल्या बाईला निरोप आहे. येत्या रविवारी मी तुमच्या गावच्या शाळेत सकाळी १० वाजता येते आहे. पोरीला घेऊन या, तिचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि वडिलांच्या बाजूचे जुने कागद असतील ते सगळे सोबत आणा. आणखी कोणाच्या पोरी असतील त्यांनाही सांगा.